कातकरी

कातकरी ही महाराष्ट्रातील एक आदिवासी जमात आहे. काथोडी, काथकरी या नावांनीही ती ओळखली जाते. सह्याद्रीच्या दोन्ही उतारांवर आणि उत्तर कोकणात या जमातीची मुख्य वस्ती असून रायगड, ठाणे, पालघर, पुणे, रत्नागिरी आणि नाशिक या जिल्ह्यांत ती प्रामुख्याने आढळते. भारत सरकारने 'विशेष असुरक्षित आदिवासी गट' म्हणून मान्यता दिलेल्या ७५ जमातींमध्ये महाराष्ट्रातील तीन जमाती आहेत: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. खैराच्या झाडापासून कात तयार करणे हा कातकऱ्यांचा पूर्वापार व्यवसाय होता आणि जमातीचे नावही त्यावरूनच पडले. वनकायद्यांमुळे तो व्यवसाय हातातून गेला. त्यानंतर कोळसा भट्टी, वीटभट्टी आणि शेतमजुरी यांवर जमातीचा निर्वाह चालू लागला. बहुसंख्य कातकरी कुटुंबे भूमिहीन आहेत, आणि अनेक कातकरवाड्या आजही ज्या जमिनीवर उभ्या आहेत ती जमीन दुसऱ्याच्या नावावर आहे.

नाव आणि उपगट

'कातकरी' म्हणजे कात करणारा. 'काथोडी' हा शब्द 'काथ' या कातेच्या दुसऱ्या उच्चारावरून आला असून गुजरात आणि राजस्थानात तोच रूढ आहे. शासकीय नोंदींत दोन्ही नावे आढळतात. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत काथोडी, कातकरी, ढोर काथोडी, ढोर कातकरी, सोन काथोडी आणि सोन कातकरी अशी नावे एकाच नोंदीखाली दिलेली आहेत.

सोन कातकरी आणि ढोर कातकरी हे दोन मोठे उपगट मानले जातात. जुन्या वर्णनांनुसार ढोर कातकरी गोमांस खात आणि सोन कातकरी ते वर्ज्य मानत. या भेदावर उच्चनीचतेची एक उतरंड उभी राहिली होती. सोन कातकऱ्यांना गावात थोडीफार मोकळीक मिळे, तर ढोर कातकऱ्यांना सवर्ण वस्तीपासूनच नव्हे, तर ठाकर, महादेव कोळी यांसारख्या इतर आदिवासी जमातींपासूनही अंतर राखावे लागे. आदिवासी समाजात जातिभेद नसतो, असे सरसकट विधान अनेक पाठ्यपुस्तकांत आढळते. कातकऱ्यांच्या बाबतीत ते जपूनच स्वीकारावे लागते. आज हा भेद बराच पुसट झाला असून महाराष्ट्रात सोन कातकऱ्यांची संख्या जास्त आहे.

लोकसंख्या आणि विस्तार

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात कातकऱ्यांची संख्या सुमारे २ लाख ८५ हजार होती. २००१ मध्ये ती सुमारे २ लाख ३५ हजार होती. राज्याच्या १ कोटी ५ लाख अनुसूचित जमातींच्या लोकसंख्येत हा वाटा लहान असला, तरी महाराष्ट्रातील तीन असुरक्षित गटांत कातकरी संख्येने सर्वांत मोठे आहेत. रायगड जिल्ह्यात त्यांची वस्ती सर्वांत दाट आहे. कर्जत, खालापूर, सुधागड, पेण, रोहा, माणगाव, महाड या तालुक्यांत क्वचितच एखादे मोठे गाव असेल, ज्याच्या शिवारात कातकरवाडी नाही.

ही जमात एका सलग प्रदेशात राहत नाही. गोंड, भिल्ल किंवा वारली यांच्याप्रमाणे एखादा तालुका कातकरीबहुल आहे असे सहसा आढळत नाही. दहा, वीस, चाळीस घरांच्या वाड्या बिगर-आदिवासी गावांच्या कडेला विखुरलेल्या असतात. या विखुरलेपणाचे परिणाम राजकीयही आहेत. ग्रामपंचायतीत कातकरी मतदार बहुधा अल्पसंख्य असतात आणि पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रात त्यांची फार थोडी गावे येतात. रायगड जिल्हा तर संपूर्णपणे अनुसूचित क्षेत्राबाहेर आहे. त्यामुळे १९९६ चा पेसा कायदा, म्हणजेच अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, राज्यातील ज्या जिल्ह्यात सर्वाधिक कातकरी राहतात तेथे लागू होत नाही.

महाराष्ट्राबाहेर दक्षिण गुजरातेत आणि राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यात काथोडी आढळतात. उदयपूरकडील काथोडींचे पूर्वज कात पाडण्याच्या कामासाठी ठेकेदारांनी महाराष्ट्राकडून नेलेले होते.

कातेचा व्यवसाय

खैराचे झाड तोडून त्याचा बाहेरचा पांढरट भाग काढून टाकायचा, आतल्या लाल गाभ्याच्या ढलप्या काढायच्या, त्या मातीच्या मडक्यांत पाण्यात उकळायच्या, तो अर्क आटवून दाट करायचा आणि वाळवून त्याच्या वड्या पाडायच्या, अशी कात करण्याची पद्धत होती. पावसाळा संपला की कुटुंबेच्या कुटुंबे रानात जाऊन चुली मांडत आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत तेथेच राहत. पुरुष झाड तोडत व गाभा काढत, स्त्रिया आणि मुले चुली सांभाळत. हंगामाच्या आरंभी खैराच्या झाडाची पूजा करण्याची रीत होती.

विड्यासोबत खाण्याचा पदार्थ एवढाच कातेचा उपयोग नव्हता. कातडी कमावणे, कापड रंगवणे, कोळ्यांची जाळी व शिडे टिकाऊ करणे आणि औषध यांसाठीही तिला मागणी होती. म्हणजे कातकरी रानात राहत असले, तरी बाजारापासून तुटलेले नव्हते. त्यांची कात वाणी आणि सावकारांमार्फत बंदरांपर्यंत जात असे आणि मोबदल्यात धान्य, मीठ, कापड मिळत असे. 'आदिम' या शब्दाने जगापासून अलिप्त जमातीचे जे चित्र उभे राहते, ते या इतिहासाशी जुळत नाही.

वनकायदे आणि वसाहतकाळ

१८७८ च्या भारतीय वन अधिनियमाने जंगलांचे राखीव व संरक्षित असे वर्गीकरण झाले आणि १९२७ च्या अधिनियमाने ती चौकट पक्की केली. खैर ही सरकारच्या दृष्टीने मौल्यवान जात ठरली. ती तोडण्यावर बंधने आली, परवाने आणि लिलाव आले, आणि कातेचा धंदा भांडवल असलेल्या ठेकेदारांकडे गेला. ज्यांच्या नावातच कात आहे ते त्या धंद्यातले मजूर झाले. पुढे कात कारखान्यांत तयार होऊ लागली. रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूण हे तिचे मोठे केंद्र आहे.

फिरत्या शेतीवरही बंधने आली. डोंगरउतारावरील झाडोरा तोडून, जाळून, त्या राखेत नाचणी आणि वरी पेरण्याच्या पद्धतीला कुलाबा जिल्ह्यात 'दळी' म्हणत. ब्रिटिश सरकारने ती सरसकट बंद न करता ठरावीक डोंगरपट्टे आदिवासींच्या गटांना दळीसाठी लावून दिले. हे दळी भूखंड मूळ धारकांच्या वंशजांकडे पिढ्यान्‌पिढ्या वहिवाटीत राहिले, परंतु मालकी वनखात्याचीच राहिली. स्वातंत्र्यानंतर त्यांवरून दीर्घकाळ तंटे चालले आणि २००६ च्या वनहक्क कायद्याखालील दाव्यांत ते पुन्हा पुढे आले.

तिसरे बंधन मोहावर आले. मोहाची फुले अन्न म्हणून वापरली जात, तशीच त्यांपासून दारूही गाळली जाई. १८७८ च्या अबकारी कायद्याने घरगुती दारूवर बंदी आली. १८९२ च्या मुंबई इलाख्यातील मोहविषयक कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत फुले गोळा करून जवळ बाळगण्यावरच निर्बंध घातले. परवानाधारक दुकानांतील दारू मात्र मिळत राहिली, अर्थात पैसे मोजून किंवा उधारीवर. कातकरी आणि दारू यांचे समीकरण सांगताना बहुतेक जुने लेखक हा भाग गाळतात.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील गॅझेटियर व शासकीय अहवालांत कातकऱ्यांचे वर्णन चोरटे, आळशी, व्यसनी अशा शब्दांत येते. हे शेरे लिहिले जात होते तो काळ आणि खैर, दळी व मोह या तिन्ही साधनांवर टाच येण्याचा काळ एकच आहे. शेतातून मूठभर धान्य किंवा रानातून लाकूड नेणे हे या नव्या व्यवस्थेत गुन्हे ठरले. चोरीचा संशय प्रथम कातकरवाडीवर घेण्याची सवय गावांत आणि पोलीस ठाण्यांत स्वातंत्र्यानंतरही पुष्कळ काळ टिकली.

चिरनेरचा जंगल सत्याग्रह

२५ सप्टेंबर १९३० रोजी तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील चिरनेर (सध्या उरण तालुका, रायगड जिल्हा) येथे अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रह झाला. सविनय कायदेभंगाच्या चळवळीत किनाऱ्यावर मिठाचा कायदा मोडला गेला, तसाच डोंगराळ भागांत जंगलाचा कायदा मोडला गेला. जमावावर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात अनेक सत्याग्रही मृत्युमुखी पडले. त्यांमध्ये नाग्या महादू कातकरी हे होते. गोळीबारास विरोध करणारे मामलेदार केशव महादेव जोशी यांचाही त्या दिवशी मृत्यू झाला. चिरनेर येथे हुतात्म्यांचे स्मारक असून दरवर्षी २५ सप्टेंबरला तेथे अभिवादनाचा कार्यक्रम होतो. रायगड जिल्ह्यातील कातकरी संघटनांच्या सभा-मेळाव्यांत हुतात्मा नाग्या कातकरी यांचे नाव आवर्जून घेतले जाते.

कोळसा भट्टी ते वीटभट्टी

कातेनंतरचा आधार कोळशाचा होता. मुंबई आणि पुण्यातील चुली लाकडी कोळशावर चालत असेपर्यंत जंगलातील ठरावीक पट्टे तोडून कोळसा पाडण्याचे ठेके दिले जात आणि झाडतोड व भट्टी लावण्याचे काम कातकरी करत. घरगुती इंधन म्हणून रॉकेल आणि गॅस आला, जंगलतोडीवर निर्बंध वाढले, विशेषतः १९८० च्या वन संवर्धन अधिनियमानंतर, आणि हे काम आटले. काही कुटुंबे कोळशाच्या ठेकेदारांबरोबर दूरच्या जिल्ह्यांत व परराज्यांत जाऊ लागली. बाकीची वीटभट्ट्यांकडे वळली.

वीटभट्टीचे चक्र ठरलेले आहे. पावसाळ्याच्या शेवटी घरातले धान्य संपत आलेले असते. सण, आजारपण आणि लग्न यांसाठी पैसा लागतो, तेव्हा भट्टीमालक किंवा त्याचा मुकादम उचल देतो. दिवाळीनंतर कुटुंब भट्टीवर जाते. नवरा-बायको मिळून एक जोडी धरली जाते आणि हजार विटांमागे दर ठरतो. आठवड्याला खर्चापुरती रक्कम, म्हणजे खर्ची, मिळते आणि हंगामाच्या शेवटी हिशेब होतो. त्या हिशेबात उचल, खर्ची, औषधपाणी, फुटलेल्या व पावसाने भिजलेल्या विटा असे सर्व वजा होते. पुष्कळदा काही हातात न येता बाकीच निघते. ही बाकी फेडण्यासाठी पुढच्या हंगामात त्याच मालकाकडे जावे लागते. हिशेबाची वही मालकाकडे असते आणि मजुराला बहुधा वाचता येत नाही.

१९७६ च्या वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियमानुसार कर्जाच्या मोबदल्यात अशा रीतीने श्रम बांधून घेणे हा गुन्हा आहे. ठाणे व कुलाबा भागांत त्यापूर्वी 'लग्नगडी' ही पद्धत होती. लग्नासाठी सावकाराकडून घेतलेली रक्कम फिटेपर्यंत नवरा, आणि अनेकदा त्याची बायकोही, सावकाराच्या घरी व शेतावर राबत असे. विवेक पंडित व विद्युल्लता पंडित यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी वसई परिसरात स्थापन केलेल्या श्रमजीवी संघटनेने वेठबिगार मुक्तीचे अनेक खटले पुढे आणले. त्यांत वारली यांच्याबरोबर कातकरी मजूरही होते.

प्रश्न संपलेला नाही, हे २०२२ मध्ये पुन्हा दिसले. नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी तालुक्यातील कातकरी कुटुंबांतील लहान मुले थोडी रक्कम आणि एखादी मेंढी यांच्या मोबदल्यात अहमदनगर जिल्ह्यातील मेंढपाळांकडे कामाला ठेवल्याचे एका मुलीच्या मृत्यूनंतर उघडकीस आले. त्यानंतर अनेक मुलांची सुटका झाली आणि गुन्हे नोंदवले गेले.

घराखालच्या जमिनीचा प्रश्न

कातकऱ्यांच्या सद्यस्थितीतील सर्वांत गुंतागुंतीचा प्रश्न शेतजमिनीइतकाच घराखालच्या जमिनीचा आहे. कोकणातील खोत व मोठे जमीनधारक कातकऱ्यांना आपल्या वरकस माळावर झोपड्या बांधू देत. त्यामागे गरज होती. भातलावणी व कापणीला हुकमी मजूर मिळत आणि माळरानाची राखणही होई. ही परवानगी तोंडी असे. सातबाऱ्यावर वाडीचा उल्लेख नसे, घरपट्टी नसे. वाडी तीन-चार पिढ्या त्याच जागी राहिली, तरी कागदोपत्री ती कोणाच्या तरी शेतातच राहिली.

मजुरांची गरज कमी झाली आणि जमिनीचा भाव वाढला, तेव्हा ही व्यवस्था मोडू लागली. मुंबई-पुण्याच्या दरम्यान असलेल्या कर्जत, खालापूर, सुधागड या तालुक्यांत १९९० नंतर फार्महाऊस, गृहप्रकल्प व औद्योगिक वापरासाठी जमिनींची खरेदी-विक्री झपाट्याने वाढली. विकलेल्या गटात कातकरवाडी असल्याचे कधी खरेदीदाराला नंतर कळले, कधी आधीच माहीत होते. कुंपणे पडली, पायवाटा आणि पाणवठे बंद झाले, काही ठिकाणी जुन्या घराची डागडुजी करण्यासही मज्जाव झाला. घरकुल योजनेतून पक्के घर मंजूर झाले, तरी जागा स्वतःच्या नावावर नसल्याने ते बांधता येत नाही, ही तक्रार जवळजवळ प्रत्येक तालुक्यात ऐकू येते. कुडाच्या भिंतींची घरे त्यामुळेही टिकून आहेत. प्रत्येक वेळी ती परंपरेच्या प्रेमाने राखलेली असतात असे नाही.

कायद्यात यावर मार्ग आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १२२ नुसार जिल्हाधिकारी एखाद्या वस्तीची जागा गावठाण म्हणून निश्चित करू शकतात. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ मध्ये दुसऱ्याच्या जमिनीवर घर बांधून राहणाऱ्या कुळांना व शेतमजुरांना काही संरक्षण दिलेले आहे. वनजमिनीवरील वाड्यांसाठी २००६ चा वनहक्क कायदा आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वहिवाट असलेल्या अनुसूचित जमातींच्या कुटुंबांना त्याखाली चार हेक्टरपर्यंतच्या जमिनीवर हक्क मागता येतो, आणि त्याच कायद्यातील कलम ३(१)(ङ) मध्ये असुरक्षित गटांच्या पर्यावास हक्काची स्वतंत्र तरतूद आहे. परंतु गावठाण जाहीर करण्यासाठी अर्ज, मोजणी, ग्रामपंचायतीचा ठराव आणि जमीनमालकाची हरकत अशा पायऱ्या आहेत. ज्या गावाच्या ठरावावर वाडीचे भवितव्य ठरायचे, त्याच गावातील जमीनमालकांकडे वाडीतील माणसे मजुरीला जात असतात.

आदिवासींच्या जमिनी बिगर-आदिवासींकडे जाऊ नयेत म्हणून १९७४ मध्ये महसूल संहितेत कलम ३६-अ घालण्यात आले आणि गेलेल्या जमिनी परत देण्याचा कायदाही त्याच सुमारास झाला. त्याचा लाभ ज्यांच्या नावावर कधीतरी जमीन होती त्यांनाच होऊ शकतो. कातकऱ्यांतील बहुसंख्यांच्या नावावर गमावण्यापुरतीही जमीन नव्हती.

पुणे जिल्ह्यातील कातकरी

पुणे जिल्ह्यात मावळ, मुळशी, वेल्हे, भोर आणि हवेली या तालुक्यांच्या पश्चिम भागात कातकरी राहतात. पुणे शहराच्या नैर्ऋत्येस सिंहगड रस्त्यावर धायरी, पुढे खडकवासला आणि पानशेत, आणि त्यापलीकडे वेल्ह्याचा डोंगराळ भाग असा हा पट्टा आहे. हे अंतर एका एसटी फेरीचे आहे, पण या दोन टोकांच्या राहणीमानातील तफावत जिल्ह्यात अन्यत्र क्वचितच इतकी ठळक दिसते. धायरीचा काही भाग १९९७ मध्ये आणि उर्वरित भाग ऑक्टोबर २०१७ मध्ये पुणे महानगरपालिकेत आला. शेतीचे गाव असलेल्या या परिसरात तोवर इमारतींची दाटी झाली होती. शहराच्या अशा वाढीला लागणारी वीट, खडी व वाळू पुरवणाऱ्या मजुरांमध्ये पश्चिमेकडील तालुक्यांतील कातकरी असतात.

जिल्ह्याच्या या भागाचा इतिहास धरणांचा आहे. खडकवासला, मुळशी, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या जलाशयांनी सह्याद्रीची खोरी व्यापली. मुळशी धरणाविरुद्ध सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ या काळात झालेला सत्याग्रह प्रसिद्ध आहे. तो प्रामुख्याने जमीनधारक मावळ्यांचा लढा म्हणून नोंदला गेला. भरपाई आणि पर्यायी जमीन यांचा हिशेब सातबाऱ्यावरून होत असल्याने, ज्यांच्या नावावर काहीच नव्हते अशा कातकऱ्यांचे विस्थापन नोंदीतच आले नाही. ते पाण्याची पातळी जाईल तशा वरच्या अंगाला झोपड्या हलवत राहिले. त्याबरोबर एक बदल असाही झाला की, रानातले लोक जलाशयावरचे मासेमार झाले. मात्र जलाशयांतील मासेमारीचे हक्क ठेक्याने दिले जात असल्याने हा व्यवसायही त्यांच्या स्वतःच्या ताब्यात राहिला नाही.

२००० नंतर वरसगाव जलाशयाभोवतीच्या मोसे खोऱ्यात लवासा हा गिरिस्थान नगर प्रकल्प उभा राहू लागला. त्या काळात कातकरी, महादेव कोळी व धनगर कुटुंबांच्या जमिनी आणि वहिवाटी यांवरून वाद झाले. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने या प्रकल्पास काम थांबवण्याची नोटीस दिली, ती पर्यावरणीय परवानगीच्या मुद्द्यावर होती.

पुणे जिल्ह्यातील अनुसूचित क्षेत्र आंबेगाव व जुन्नर या उत्तरेकडील तालुक्यांत आहे आणि जिल्ह्याचे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय आंबेगाव तालुक्यातील घोडेगाव येथे आहे. तेथील आदिवासी प्रामुख्याने महादेव कोळी आहेत. वेल्ह्याच्या किंवा भोरच्या दुर्गम वाडीवरील कातकऱ्याला घोडेगाव गाठायचे, तर पुणे शहर ओलांडून पलीकडे जावे लागते.

उपजीविका आणि आहार

मजुरीच्या जोडीने रानावर व पाण्यावर अवलंबून असलेले उद्योग चालूच असतात. ओढे-नद्यांतील मासे व खेकडे पकडणे, मध काढणे, सरपणाच्या मोळ्या विकणे, करवंदे, जांभळे, आंबे आणि पावसाळी रानभाज्या बाजारात नेणे ही कामे स्त्री-पुरुष दोघे करतात. मासे पाग टाकून, बांध घालून, हाताने चाचपून किंवा गेळासारख्या फळांचा चुरा पाण्यात टाकून धरले जातात. पहिल्या पावसात खेकडे धरण्याचे कातकऱ्यांचे कौशल्य कोकणात सर्वश्रुत आहे.

भातकापणीनंतर शेतातील उंदरांची बिळे उकरून उंदीर मारणे आणि बिळात साठलेल्या भाताच्या लोंब्या गोळा करणे ही जुनी रीत होती. शेतकऱ्याचा त्यात फायदाच होता. तरीही उंदीर खाणारे म्हणून कातकऱ्यांची हेटाळणी केली गेली, आणि शाळेतील मुलांना ती आजही ऐकावी लागते. श्रावण-भाद्रपदात मजुरी नसते, तेव्हा कडूकंद, करांदे यांसारखे रानकंद आहारात येतात. कडूकंद तसाच खाल्ल्यास बाधतो. त्याचे काप करून, राखेबरोबर उकळून, वाहत्या पाण्यात ठेवून कडवटपणा घालवण्याचे ज्ञान प्रामुख्याने स्त्रियांकडे आहे.

भाषा, श्रद्धा आणि सण

कातकरी बोली ही भारतीय-आर्य कुळातील असून तिचे मराठी व कोकणीशी निकटचे नाते आहे. ग्रीअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या मराठीविषयक सातव्या खंडात (१९०५) तिची दखल घेतलेली आहे. या बोलीला स्वतंत्र लिपी नाही. घरात ती बोलली जाते, परंतु शाळा, बाजार आणि भट्टी येथे मराठीच वापरावी लागत असल्याने तरुण पिढीत तिचा वापर घटत आहे. पहिलीत येणाऱ्या कातकरी मुलाला शिक्षकांची प्रमाण मराठी कळत नाही आणि शिक्षकांना त्याची बोली कळत नाही, ही अडचण आदिवासी शिक्षणावरील चर्चांत वारंवार मांडली जाते.

रामाला रावणाविरुद्ध साहाय्य करणाऱ्या वानरांपासून आपली उत्पत्ती झाली, अशी कातकऱ्यांची एक कथा जुन्या मानवशास्त्रीय ग्रंथांत नोंदलेली आहे. वाघदेव, चेडा, म्हसोबा आणि गावदेवी ही त्यांची दैवते होत. आजार, बाधा आणि कौल यांसाठी भगताकडे जाण्याची प्रथा आहे. होळी हा मोठा सण असून त्या वेळी कामावर गेलेली कुटुंबे शक्य असल्यास वाडीवर परततात. गौरी-गणपतीच्या दिवसांत ढोलाच्या तालावर नाच होतात. लग्नात मुलाकडून मुलीकडे देज देण्याची पद्धत होती. विधवेच्या पुनर्विवाहास आणि काडीमोडीस जमातीत पूर्वीपासून मान्यता आहे.

आरोग्य आणि शिक्षण

कुपोषण, रक्तक्षय आणि क्षयरोग हे कातकरी वस्त्यांतील नेहमीचे आरोग्यप्रश्न आहेत. त्यांचे मूळ बऱ्याच अंशी स्थलांतरात आहे. अंगणवाडीतील पोषण आहार, लसीकरण आणि गर्भवतींची तपासणी ही सर्व कामे गावातील नोंदीवर चालतात, आणि कुटुंब वर्षातील सहा-सात महिने गावात नसते. भट्टीच्या ठिकाणी पाणी व स्वच्छतागृहाची सोय सहसा नसते. मुली लहान वयात लग्न होऊन जोडीने भट्टीवर जाऊ लागतात, कारण उचल जोडीला मिळते. अल्पवयीन विवाहांमागे रूढीइतकेच हे आर्थिक कारणही आहे.

शिक्षणातही तीच अडचण आहे. दिवाळीनंतर पटावरील मुले दिसेनाशी होतात. आदिवासी विकास विभागाच्या शासकीय व अनुदानित आश्रमशाळा आणि साखरशाळांच्या धर्तीवर चालवलेल्या भोंगाशाळा हे त्यावरचे उपाय होत. भोंगाशाळा, म्हणजे वीटभट्टीवरील मुलांसाठी झोपडीवजा जागेत चालणारे वर्ग, श्रमजीवी संघटनेशी संलग्न विधायक संसद या संस्थेने सुरू केले. पदवीपर्यंत पोहोचलेल्या कातकरी विद्यार्थ्यांची संख्या वाढत असली, तरी इतर आदिवासी जमातींच्या मानाने ती अल्प आहे.

जातप्रमाणपत्राचा प्रश्नही येथे येतो. अनुसूचित जमातीचा दाखला मिळवण्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचे वास्तव्य दाखवावे लागते. ज्यांच्या आजोबांच्या नावे ना शेत होते, ना घर, ना शाळेचा दाखला, त्यांना हा पुरावा देणे कठीण जाते.

शासकीय योजना

ढेबर आयोगाने १९६१ च्या अहवालात आदिवासी समाजांतर्गत असलेल्या विषमतेकडे लक्ष वेधले. त्यानंतर १९७५ मध्ये ५२ जमाती 'आदिम जमाती' म्हणून निश्चित करण्यात आल्या, १९९३ मध्ये त्यांत २३ जमातींची भर पडली. 'आदिम' हा शब्द अवमानकारक असल्याने २००६ पासून 'विशेष असुरक्षित आदिवासी गट' अशी संज्ञा वापरली जाते. मराठी शासकीय पत्रव्यवहारात मात्र 'आदिम जमाती' हाच शब्द अजून सर्रास आढळतो.

महाराष्ट्रात रायगड जिल्ह्यासाठीचे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय पेण येथे आहे. पावसाळ्यातील टंचाईच्या महिन्यांसाठी आदिवासी विकास महामंडळामार्फत दिले जाणारे खावटी कर्ज ही जुनी योजना होय. कोविड साथीच्या काळात ती अनुदानाच्या रूपात राबवण्यात आली आणि पात्र कुटुंबास ४,००० रुपयांचे साहाय्य, निम्मे रोख व निम्मे वस्तुरूपात, देण्यात आले. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने असुरक्षित गटांसाठी प्रधानमंत्री जनमन अभियान सुरू केले. घरे, रस्ते, पाणी, वीज, फिरती आरोग्य पथके अशा ११ बाबींसाठी तीन वर्षांत सुमारे २४,१०४ कोटी रुपयांची तरतूद त्यात आहे. आधार, शिधापत्रिका व जातीचे दाखले देण्यासाठी वाड्यांवर शिबिरे घेण्यात आली. घरकुलांच्या बाबतीत घराखालच्या जमिनीचा प्रश्न येथेही आडवा येतो.

भारतातील आदिवासींना 'मूळ रहिवासी' या आंतरराष्ट्रीय संज्ञेत बसवावे की नाही, याविषयी भारत सरकारची भूमिका वेगळी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २००७ च्या जाहीरनाम्याच्या बाजूने भारताने मतदान केले, परंतु आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या १९८९ च्या १६९ क्रमांकाच्या करारास मान्यता दिलेली नाही. ९ ऑगस्ट हा जागतिक आदिवासी दिन मात्र कातकरी संघटना उत्साहाने साजरा करतात.

संघटना आणि अभ्यास

कातकऱ्यांवरील पहिला विस्तृत समाजशास्त्रीय ग्रंथ ए. एन. वेलिंग यांनी लिहिला, तो १९३४ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला. पुण्यातील आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेने (स्थापना १९६२) राज्यातील जमातींचे पाहणी अहवाल तयार केले असून संस्थेच्या संग्रहालयात विविध जमातींच्या वापरातील वस्तू पाहायला मिळतात. या संस्थेचे संचालक राहिलेले गोविंद गारे यांनी महाराष्ट्रातील आदिवासींवर मराठीत विपुल लेखन केले.

रायगड जिल्ह्यात उल्का महाजन यांच्या नेतृत्वाखालील सर्वहारा जन आंदोलनाने १९९० पासून दळी जमिनी आणि वनहक्कांचे प्रश्न लावून धरले. कर्जत तालुक्यातील कशेळे येथील अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने कातकरवाड्यांच्या जमिनीची स्थिती वाडीतील लोकांबरोबरच तपासली. कोणती वाडी खाजगी जमिनीवर आहे, कोणती वनजमिनीवर, कोणाला हटवण्याची भीती आहे, याच्या नोंदी रहिवाशांनी स्वतः केल्या आणि त्यांच्या आधारे गावठाणासाठी अर्ज दाखल झाले. या कामाची हकीकत डॅनियल बकल्स आणि राजीव खेडकर यांनी २०१३ मध्ये ग्रंथरूपाने मांडली.

ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात कातकरी तरुणांच्या संस्थेने गुळवेल व इतर वनौषधी गोळा करून विकण्याचा उद्योग उभारला आहे. ट्रायफेडच्या वनधन केंद्र योजनेचे साहाय्य त्यास मिळाले आणि कोविड साथीच्या काळात औषधनिर्मिती कंपन्यांकडून गुळवेलीला मोठी मागणी आली. गुळवेल तोडताना मूळ राखून वेल पुन्हा फुटू द्यावी लागते. रानाशी असलेल्या जुन्या परिचयाचा या धंद्यात थेट उपयोग होतो, आणि माल गोळा करणारी कुटुंबे वीटभट्टीचा हंगाम टाळून वाडीवर राहू शकतात.